इंगळ: चुलीतला, शब्दातला आणि सूत्रातला



'इंगळ' हा शब्द तुमच्या घरात अजून बोलला जातो का? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या बायकांना तो चांगला माहीत आहे, चाळिशीतल्या सुनांना अंदाजाने कळतो आणि नातवंडांना तो समजावून सांगावा लागतो. समजावणार तरी कशाने? गॅसला ज्योत असते, इंडक्शनला तीही नसते, आणि इंगळ दोघांकडेही नाही. लाकूड जळून ज्वाला खाली बसली की जो लालबुंद, धगधगता तुकडा उरतो तो इंगळ. कोणी निखारा म्हणतात. वस्तू घरातून गेली की तिचा शब्द काही दिवस उंबऱ्यावर घुटमळतो आणि मग तोही जातो. तो जाण्याआधी त्याचा थोडा इतिहास लिहून ठेवावा, म्हणून आजचा लेख.

निमित्त मात्र एका इंग्रजी शब्दाचे आहे. जुन्या इंग्रजीत, त्यातही स्कॉटलंडकडच्या बोलीत, घरातल्या चुलीला किंवा शेकोटीच्या जागेला 'इंगल' म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो लिखाणात सापडतो. आधी त्याचा अर्थ होता घरात पेटलेला विस्तव. मग ज्या जागी तो पेटतो ती जागाही 'इंगल' झाली. तिकडची जुनी धुराडी इतकी प्रशस्त असत की त्यांच्या आत दोन्ही बाजूंना बसायला बाके करीत. त्या ऊबदार कोपऱ्याला 'इंगलनूक' म्हणतात. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा शेतकरी कवी. त्याचा पहिला कवितासंग्रह १७८६ साली निघाला. त्यातल्या 'द कॉटर्स सॅटरडे नाइट' या कवितेत आठवडाभर राबलेला गरीब कुळवाडी शनिवारी संध्याकाळी घरी येतो, आणि सगळे कुटुंब त्या 'इंगल'भोवती जमून धर्मग्रंथ वाचते. दिवेलागणीच्या आत जेवणे उरकून सामायिकाला बसणारे आपले घर डोळ्यांपुढे आणा. देश वेगळा, धर्म वेगळा, पण घराचा मध्य ओळखीचा वाटतो.

चुलीला इंग्रजीत दुसरा शब्द आहे 'हार्थ', आणि त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईला फार गमतीची वाटते. इंग्लंडमध्ये १६६२ साली राजा दुसरा चार्ल्स याच्या काळात चुलींवर कर बसला. घरातल्या दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. चुली मोजायला सरकारी माणूस थेट घरात शिरे, त्यामुळे लोक त्या करावर भयंकर चिडलेले होते. शेवटी १६८९ साली तो रद्द झाला. एरवी स्वयंपाकघराकडे ढुंकून न पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना हिशेबाची वेळ आली की चूल बरोबर दिसते!

सारखे दिसते, सारखे नसते

आता तुम्ही म्हणाल, 'इंगल' आणि 'इंगळ' हे तर एकच झाले. माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आले. त्यातून आपल्या जिल्ह्यात इंगळे आडनावाची माणसे गावोगावी आहेत, आणि त्यांतले बरेच जण इंग्रजीत ते आय-एन-जी-एल-ई असेच लिहितात. म्हणजे स्पेलिंगही अक्षरशः तेच. पण हिशेबात दोन आकडे सारखे आले म्हणून दोन खाती एक होत नाहीत, तसेच शब्दांचे आहे. प्रत्येक शब्दाची मागची पाने उलटून बघावी लागतात.

इंग्रजी 'इंगल' बहुधा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला असे कोशकार सांगतात. त्या भाषेत त्याच्यासारख्या शब्दाचा अर्थ विस्तव किंवा उजेड असा आहे. आपला 'इंगळ' आला आहे संस्कृत 'अंगार' पासून. आणि इथेच साम्याचा धागा तुटतो. आपल्या शब्दाच्या सुरुवातीला मुळात 'इ' नव्हतीच, 'अ' होता. 'इ' आली ती मधल्या काळात, प्राकृतात, इथल्या बोलणाऱ्यांच्या तोंडी. तिकडच्या शब्दाची 'इ' तिकडच्या वाटेने आली. दोन वाटसरू वेगवेगळ्या गावांहून येऊन एकाच धर्मशाळेत भेटावेत, तसे हे दोन शब्द दिसायला सारखे झाले. 'अंगार'चे खरे नातेवाईक दूरवर आहेत, ते असे: रशियन भाषेत कोळशाला 'ऊगल' म्हणतात आणि लिथुआनियन भाषेत 'आंगलिस'. हे दोन्ही शब्द 'अंगार'च्याच कुळातले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

दिसण्यावर जाऊ नये याचे आणखी एक उदाहरण आपल्या घरातच आहे. 'चुलता' हा शब्द 'चूल' वरून आला, चूल वेगळी झाली की काका चुलता होतो, असे पुष्कळ जण हौसेने सांगतात. ऐकायला छान वाटते. पण 'चूल' संस्कृत 'चुल्ली' पासून आली, आणि 'चुलता' आला 'क्षुल्लतात' पासून. क्षुल्ल म्हणजे लहान, तात म्हणजे वडील. वडिलांचा धाकटा भाऊ तो क्षुल्लतात. प्राकृतात 'क्षुल्ल'चे 'चुल्ल' झाले. दिगंबर परंपरेत आपण ज्यांना क्षुल्लकजी म्हणतो तो शब्द याच घरातला. मुनिपदाच्या अलीकडची, लहान पायरी. म्हणजे आपला चुलता हा चुलीचा कोणी नाही, क्षुल्लकजींच्या नावाचा मात्र सख्खा आहे.

हेमचंद्राचार्यांचे एक सूत्र

'अंगार'चा 'इंगाल' कसा झाला याची नोंद आपल्याच एका आचार्यांनी करून ठेवली आहे, आणि ती वाचून मला खरोखर आनंद झाला. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेले. पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या काळात त्यांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण रचले. त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषांचे नियम आहेत. तिथे एका छोट्याशा सूत्रात ते तीन शब्द एकत्र घेतात: पक्व, अंगार आणि ललाट. या तीन शब्दांतल्या पहिल्या 'अ'चा प्राकृतात विकल्पाने 'इ' होतो, एवढेच ते सूत्र सांगते.

आता गंमत बघा. 'पक्व'चे 'पिक्क' झाले, त्यातून आपले मराठी पिकणे आणि पीक आले. 'अंगार'चे 'इंगाल' झाले, त्यातून इंगळ आला. 'ललाट'चे 'णिडाल' झाले, त्यातून आपले निढळ, म्हणजे कपाळ आले. निढळाचा घाम गाळून पीक काढायचे आणि इंगळावर भाकरी शेकायची, हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा सगळा संसार त्या एका सूत्रात बसला आहे! हेमचंद्राचार्यांच्या मनात तसे काही नव्हते, त्यांनी फक्त नियम सांगितला. पण मराठी बाईला ते सूत्र आपल्या घरचे वाटते.

राहिला 'र'चा 'ल'. तोही प्राकृतात होतोच. 'हरिद्रा'ची 'हलिद्दा' झाली आणि पुढे आपली हळद झाली, त्याच चालीने 'अंगार'मधल्या 'र'चा 'ल' झाला आणि मराठीत त्याचा 'ळ'. म्हणजे हळदीचा 'ळ' आणि इंगळाचा 'ळ' एकाच वाटेने स्वयंपाकघरात आले.

मराठीने पुढे संस्कृतातून 'अंगार' हा शब्द पुन्हाही घेतला. एकच शब्द दोनदा घरात आला, एकदा जुनी सून म्हणून, एकदा पाहुणा म्हणून. तिसरे रूप 'अंगारा'. तो धगधगत नाही; जळून गेल्यावर उरणारी, कपाळाला लावायची राख ती. बोलीत इंगळ आणखीही कामे करतो. रागावलेल्या माणसाच्या डोळ्यांत इंगळ फुलतात. मोठ्या विंचवाला इंगळी म्हणतात, आणि ज्याला ती डसली आहे त्याला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही.

विस्तव मागायचे दिवस

आपल्या भागात चुलीला जळण म्हणून पऱ्हाटी, तुराटी, गोवऱ्या आणि बाभळीचे लाकूड. कापसाची पऱ्हाटी भुर्रकन पेटते, जाळ मोठा करते, पण तिचा इंगळ टिकत नाही. बाभूळ पेटायला वेळ घेते, पण तिचा इंगळ राखेखाली झाकला तर बराच वेळ जिवंत राहतो. रोडगे आणि बट्ट्या करायच्या तर गोवऱ्यांचेच इंगळ हवेत. ज्वालेवर त्या वरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. हे शिकायला पुस्तक लागत नसे. कोणत्या जळणाचा कसा इंगळ पडतो, हे सुनेला पहिल्या पावसाळ्यातच कळे.

काडेपेटी ही तशी अलीकडची वस्तू. आधी ती परदेशातून, स्वीडन-जपानहून येई. 'विमको' ही काडेपेट्यांची मोठी कंपनी भारतात १९२३ साली सुरू झाली. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही पुष्कळ वर्षे, विस्तव राखून ठेवायचा किंवा शेजारून मागून आणायचा, गोवरीच्या तुकड्यावर. विस्तव देणे हा शेजारधर्म होता. पण सणावाराला घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, असाही समज होता.

या समजाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. शेगावच्या गजानन महाराजांवर दासगणूंनी 'गजानन विजय' हा ग्रंथ लिहिला. त्यात कथा आहे की अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी मुले जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला गेली. सण आहे म्हणून त्याने दिला नाही. पुढे विस्तवाशिवाय चिलीम पेटली आणि सोनाराच्या घरचे चिंचवणे नासले, असे ग्रंथ सांगतो. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. मी ती कथा वाचते ती त्या काळचा व्यवहार समजावा म्हणून. गावात सोनाराची शेगडी दिवसभर पेटलेली असते, सगळे गाव तिथून विस्तव नेते, आणि सणाच्या दिवशी तोच विस्तव अडतो.

योगायोग असा की अक्षय्य तृतीया आपलाही मोठा दिवस. वर्षभराहून अधिक काळ निराहार राहिलेल्या भगवान ऋषभदेवांचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाच्या रसाने करवले, तो हा दिवस. पारण्याला दिलेला तो रस विस्तवावर चढवलेला नव्हता. पहिले सुपात्र दान चुलीशिवाय झाले.

पहिला विस्तव, पहिले मडके

आणि तरी चूल शिकवली ती ऋषभदेवांनीच. हेमचंद्राचार्यांच्या 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त ही कथा फार सुंदर आहे. कल्पवृक्ष देईनासे झाले. लोक कच्चे धान्य खाऊ लागले आणि ते पचेना. ऋषभदेव तेव्हा राजा होते. त्यांनी धान्य चोळून, भिजवून खायला सांगितले, तरी भागेना. एके दिवशी झाडांच्या फांद्या घासून अग्नी निर्माण झाला. लोकांना वाटले रत्नच आहे, धरायला गेले आणि हात भाजले. यावर धान्य शिजवा, असे राजाने सांगितले. बिचाऱ्यांनी धान्य सरळ आगीत टाकले. आगीने ते खाऊन टाकले, आम्हाला काही परत देत नाही, अशी तक्रार घेऊन लोक आले! ऋषभदेव हत्तीवर बसले होते. त्यांनी ओल्या मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या गंडस्थळावर थापून त्याला भांड्याचा आकार दिला आणि सांगितले, अशी भांडी करा, भाजा, आणि त्यांत शिजवा. पहिली कला म्हणून कुंभारकाम जन्माला आले ते असे.

मला या कथेत एक गोष्ट फार आवडते. अग्नी सापडला म्हणून स्वयंपाक सुरू झाला नाही. आग आणि धान्य यांच्यामध्ये मडके आल्यावर सुरू झाला. जाळणे आणि शिजवणे यांत मडक्याएवढे अंतर असते.

सूत्रातला इंगाल

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, तिकडे येते. आपल्यापैकी ज्या घरांत प्रतिक्रमण होते, तिथे हा शब्द अजून जिवंत आहे. सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने येतात. त्यांतले पहिलेच 'इंगालकम्म'. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ नातवंडांना कळत नाही, तो त्यांची आजी पाक्षिकाला स्थानकात बसून म्हणत असते!

इंगालकर्म म्हणजे मोठ्या प्रमाणावर विस्तव पेटवून, कोळसे पाडून उपजीविका करणे. 'उपासकदशांग' सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाच्या व्रतांत ही पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. आनंदाची बारा कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती होती: चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारव्याजात, चार कोटी घरसंसारात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद वाचताना मला माझे कॉलेजचे दिवस आठवतात. सूत्र त्याला संपत्ती सोड म्हणत नाही, मर्यादा घाल म्हणते, आणि कमाईच्या पंधरा वाटा बंद करायला सांगते.

पुढे हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त अंगारजीविकेचा अर्थ उलगडून सांगितला. कोळसे पाडणे, धान्य भाजायची भट्टी, कुंभारकाम, लोहारकाम, सोनारकाम, तांब्या-पितळेची भांडी घडवणे, विटा भाजणे, हे सगळे त्यांनी त्यात घातले. यादी वाचून मी जरा थांबले. आपल्याच महाराष्ट्रात जैन कासार समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांचे आणि बांगड्यांचे काम करणारी आपलीच माणसे. आणि कुंभारकाम तर खुद्द ऋषभदेवांनी शिकवलेले. मग काय समजायचे?

उत्तरासाठी त्याच उपासकदशांगाचे सातवे अध्ययन उघडावे. तिथे सद्दालपुत्र भेटतो. हा पोलासपूरचा कुंभार, आधी गोशालकाचा आजीवक अनुयायी. नगराबाहेर त्याची भांड्यांची पाचशे दुकाने. एकेक कोटी ठेवीत, व्यापारात आणि घरात. भगवान महावीरांनी त्याच्याशी बोलायला शास्त्रातला अवघड दाखला काढला नाही, उन्हात वाळत ठेवलेली त्याचीच मडकी दाखवून विचारले, ही प्रयत्नाने झाली की आपोआप? गोशालकाच्या मताने सगळे नियतीने ठरलेले, प्रयत्नाला अर्थ नाही. मग विचारले, कोणी येऊन ही मडकी फोडली, किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी गैर वागला, तर तू त्याला शिक्षा करशील का? करीन, म्हणाला. मग सगळे आपोआप होते असे कसे म्हणतोस? सद्दालपुत्राला बोध झाला आणि तो श्रावक झाला. त्याच्या सांगण्यावरून अग्निमित्रा रथात बसून दर्शनाला गेली आणि तिनेही श्राविकेची व्रते घेतली.

ज्या ग्रंथात इंगालकर्माचा निषेध, त्याच ग्रंथात भट्टीचा धनी असलेला माणूस भगवंतांच्या निवडक दहा श्रावकांत. मी यातून असे समजते की सूत्र हे दुसऱ्याच्या भट्टीकडे बोट दाखवायला दिलेले नाही. विटा भाजणाऱ्याला कर्मादानी म्हणायचे आणि त्याच विटांच्या घरात निवांत राहायचे, हा हिशेब जुळत नाही. कृत, कारित, अनुमोदित, असे तीन रकाने आपल्याकडे आहेत. पहिला रकाना कोरा ठेवून बाकीचे दोन भरत गेलो तर बेरीज काही कमी होत नाही.

चुलीपाशी उभी असलेली बाई

आपल्या आगमांत चुलीपाशी वावरणारी बाई किती बारकाईने पाहिलेली आहे, हे फार कमी जणींना माहीत असते. 'दशवैकालिक' सूत्र हे शय्यंभव आचार्यांनी आपल्या बालमुनी मुलासाठी, मनकासाठी रचले अशी परंपरा आहे. त्याच्या चौथ्या अध्ययनात अग्निकायाची रूपे मोजली आहेत. अग्नी, इंगाल, राखेतला फुफाटा, ज्योत, जाळ, कोलीत, शुद्ध अग्नी, उल्का. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईलाच इतके फरक कळावेत. पाचव्या अध्ययनात गोचरीचे नियम आहेत. साधू दारात आल्यावर बाईने लाकूड आत सारले, बाहेर ओढले, विस्तव पेटवला, फुलवला, विझवला, उतू जाणारे काढले, पाणी शिंपडले, भांडे कलते केले, खाली उतरवले, तर तो आहार घेऊ नये, असे सांगितले आहे. नियम साधूसाठी आहे, पण त्यात आपल्या हातांची एकूण एक हालचाल नोंदली गेली आहे. स्वयंपाकघराचा इतका जुना आणि इतका नेमका इतिहास क्वचितच सापडेल.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेली 'गाथासप्तशती', आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली. त्यात एक गाथा आहे: स्वयंपाकात गुंतलेल्या गृहिणीचा काजळी लागलेला हात चेहऱ्याला लागतो, आणि नवरा हसून म्हणतो, आता तुझे मुख अगदी चंद्रासारखे झाले, डागासकट. गोड गाथा आहे. पण चुलीच्या धुराने त्या गृहिणीच्या डोळ्यांचे काय झाले असेल, हे कवीने विचारले नाही. आपल्या सासवांचे डोळे आणि छाती आठवा. पन्नाशीत खोकल्याने वाकलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गरीब घरांतही गॅसची शेगडी आली. पण सिलिंडर परवडेना तेव्हा पुन्हा पऱ्हाटीचा भारा आणणारी बाई आपल्या खेड्यांत आजही दिसते. म्हणून चुलीवरच्या चवीचे गोडवे गाताना मला जरा संकोच वाटतो. 'चुलीवरचे जेवण' म्हणून हॉटेलात जास्तीचे पैसे देणाऱ्याने त्या चुलीपाशी तासभर बसून पाहावे.

विस्तव विझवणे हीसुद्धा हिंसा, मग गॅस बंद करावा की चालू राहू द्यावा, असा प्रश्न एका तरुण सुनेने मला विचारला होता. प्रश्न पोरकट नाही. 'भगवती' सूत्राच्या सातव्या शतकात कालोदायीने हाच विचारला आहे. एक माणूस अग्नी पेटवतो, दुसरा विझवतो, तर कोणाला जास्त कर्मबंध? भगवंतांनी सांगितले, पेटवणाऱ्याला. विझवणारा अग्निकायाच्या जीवांची हिंसा जास्त करतो हे खरे, पण पेटवणारा पृथ्वी, पाणी, वायू, वनस्पती आणि हलणारे-चालणारे अशा बाकी सगळ्या जीवांची हिंसा जास्त करतो. तेव्हा सुनांनो, काम झाले की गॅस खुशाल बंद करा. विचार करायचा तो पेटवताना.

ताटातला इंगाल, ताटातला धूर

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. साधूंच्या आहाराच्या दोषांत दोन दोषांची नावे चुलीवरून आली आहेत: 'इंगाल' आणि 'धूम'. श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्ही परंपरांत ते आहेत. 'भगवती'तही आहेत आणि 'मूलाचारा'तही. रुचकर अन्नाची आसक्तीने वाहवा करीत खाल्ले तर तो इंगाल दोष. संयमाचे लाकूड जळून त्याचा कोळसा होतो. बेचव अन्नाला नावे ठेवीत, कुरकुरत खाल्ले तर तो धूम दोष. संयम धुराने काळवंडतो.

हे नियम साधूंचे, आपण गृहस्थ. पण आपल्या जेवणाच्या टेबलावर रोज काय चालते? मीठ कमी पडले की धूर, गोडाचे केले की इंगळ. चूल गॅसची झाली, धुराडे गेले, आणि धूर ताटाभोवती तसाच राहिला. रांधणाऱ्या बाईने आयुष्यभर एक धूर डोळ्यांनी सोसला आणि दुसरा कानांनी. पहिला गेला तो यंत्राच्या कृपेने. दुसरा घालवायला यंत्र नाही, मुलांना आणि मुलांच्या वडिलांनाही शिकवावे लागते. समोर आलेले अन्न शांतपणे घ्यावे, हवे-नको एका वाक्यात सांगावे, आणि ज्या हातांनी ते इथवर आणले त्यांची आठवण ठेवावी.

पुढच्या पाक्षिक प्रतिक्रमणात 'इंगालकम्मे' आले की शेजारी बसलेल्या नातीला किंवा सुनेला हळूच सांगा, हा आपला इंगळ. शब्द पुढच्या घरी न्यायचा असेल तर तो विस्तवासारखाच न्यावा लागतो, गोवरीवर ठेवून, वाऱ्यापासून जपून.